टोपी फुटते, बार उडत नाही : ठासणीच्या बंदुकीचं तेच ते दुखणं

घोडा पडतो, टोपी फट्‌ करून फुटते आणि पुढे सगळं शांत. धूर नाही, धक्का नाही. बंदूक आणि आपण एकमेकांकडे बघत बसतो.

ठासणीची बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ओतून, वर गोळी गजानं ठासून भरायची बंदूक. चाप ओढला की घोडा (हातोडी) टोपीवर पडतो आणि टोपीची ज्योत आतली दारू पेटवते. ती चालवणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी झालेलं असतं आणि बऱ्याच जणांना पुन्हा पुन्हा होतं. मी पेनसिल्व्हेनियात राहतो. आठ वर्षं झाली, इथल्या एका क्लबच्या रेंजवर ५० कॅलिबरची, म्हणजे अर्धा इंच व्यासाच्या नळीची, टोपीवाली रायफल चालवतो. अठराव्या शतकात इथल्याच लँकेस्टर भागात जर्मन कारागिरांनी लांब नळीची रायफल घडवली, त्यामुळे या मुलखाला हा नाद जुना आहे. अलीकडे ओळखीतली चार-पाच मराठी मंडळीही नादाला लागली आहेत आणि प्रत्येकाचा पहिला फोन ठरलेला: "दारू खराब निघाली वाटतं. जरा जास्त घालून बघू का?"

नका घालू. टोपी फुटूनही बार उडत नाही, तेव्हा दारू कमी पडलेली नसते. टोपीची ज्योत दारूपर्यंत पोचलेली नसते, किंवा पोचली तरी तिथली दारू ओली असते, किंवा (हे ऐकून लोक हसतात, पण हसू नये) नळीत दारू घातलेलीच नसते. तिन्ही वेळा माप वाढवून काही साधत नाही. उलट ज्या दिवशी वाट मोकळी असेल, त्या दिवशी ते वाढवलेलं माप खांद्याशी, गालाशी उडेल.

भारतातल्या वाचकांसाठी आधीच सांगून टाकतो. तिथे ठासणीच्या बंदुकीलाही १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, दारू परवानाधारक दुकानातूनच घ्यायची असते आणि घरी दारू तयार करणं हा गुन्हा आहे, शिवाय जिवाशी खेळ. पुढचं सगळं कायदेशीर बंदूक, कारखान्यातली सीलबंद दारू आणि रेंजवरचा सराव एवढं धरून लिहिलंय. डोळ्यांना चष्मा आणि कानांना बोळे असतीलच, असंही धरतो.

बार चुकल्यावरचं पहिलं मिनिट

आमच्या आजोबांकडे कुडाळजवळच्या गावी शेतीरक्षणाच्या परवान्याची एकनळी ठासणीची बंदूक होती. भात पोटरीला आलं की डुकरं उतरायची. ओल्या हवेत बार चुकला की काका लगेच बंदूक खाली घेऊन निपलात (टोपी बसवायच्या, नळीच्या बुडात उघडणाऱ्या भोकाच्या खुंटीत) डोकवायचे आणि आजोबा मागून ओरडायचे, "नळी थंयच धर नि गप रव!" इथल्या रेंजवर पहिल्या दिवशी मला जो नियम घोकून घेतला, तो हाच.

कारण असं, की चुकलेला बार दर वेळी मेलेला नसतो. ज्योत ओलसर काजळीत अडकते, एखादा दाणा धुमसत राहतो आणि दोन-चार सेकंदांनी, क्वचित त्याहूनही उशिरा बार उडतो. तेवढ्यात नळी शेजाऱ्याकडे वळलेली असली तर काय होईल हे लिहायची गरज नाही. म्हणून नळी निशाणाकडे, बोट चापाबाहेर, आणि कमीत कमी एक मिनिट गप्प उभं राहायचं. आमच्या रेंजवर दोन मिनिटांचा नियम आहे. मला तोच आवडतो, कारण घाबरलेल्या माणसाचं एक मिनिट पंधरा सेकंदांचं असतं.

मग नळी तशीच समोर ठेवून फुटलेली टोपी काढा, नवी लावा, पुन्हा चाप ओढा. बऱ्याचदा दुसऱ्या टोपीला बार उडतो. पहिलीनं वाटेतला कचरा जाळलेला असतो. नाही उडाला तर पुन्हा थांबा, निपलाच्या भोकातून बारीक तार फिरवा, तिसरी टोपी लावा. तिसरीलाही नाही उडाला तर टोप्या वाया घालवणं बंद करा. आता काय झालंय ते शोधायचं.

कितवा बार चुकला?

मला फोन आला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो. लोकांना वाटतं मी टाळतोय. पण निम्मं निदान या उत्तरात असतं.

दिवसाचा पहिलाच बार चुकला तर दोष तेलाचा. मागच्या वेळी साफ करून नळीला तेल लावलं, बंदूक दस्ता खाली ठेवून कोपऱ्यात उभी केली. महिनाभरात ते तेल ओघळून बुडाशी आणि निपलाच्या वाटेत जमतं. त्यावर दारू ओतली की खालचा थर भिजतो आणि ज्योत नेमकी तिथेच पोचते. उपाय सोपा आहे. एक, बंदूक ठेवताना नळीचं तोंड खाली करून ठेवायची. दोन, भरण्याआधी कोरड्या चिंध्या नळीच्या तळापर्यंत फिरवायच्या, शेवटची चिंधी कोरडी निघेपर्यंत. तीन, रिकाम्या बंदुकीवर एक-दोन टोप्या उडवायच्या. दुसरी टोपी उडवताना नळीचं तोंड जमिनीवरच्या गवताच्या पात्याजवळ धरा. पातं हललं तर वाट मोकळी. नाही हललं तर दारूचा डबा उघडायचाच नाही. ही गवताची परीक्षा कुणा इंजिनिअरनं शोधलेली नसावी, पण हिच्याइतकी खात्रीची दुसरी मला माहीत नाही. टोप्या उडवण्याआधी बंदूक खरंच रिकामी आहे हे गजानं पाहायचं. त्याबद्दल पुढे बरंच आहे.

पाचवा-सहावा बार चुकला तर दोष काजळीचा. काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन रूपात उरतो. नळीतून पांढरा धूर म्हणून जो दिसतो त्यातही तेच कण असतात. बाकीचं नळीतच चिकटतं. हे पोटॅशियमचे क्षार आहेत, हवेतला ओलावा ओढून घेणारे. पेनसिल्व्हेनियातला ऑगस्ट दमटपणात कोकणातल्या श्रावणाशी स्पर्धा करतो. अशा दिवशी दोन बारांमध्ये दहा मिनिटं गप्पा मारल्या की नळीत चिखल तयार होतो.

मग लोक काय करतात? चिंधी चांगली ओली करून नळी पुसतात. आणि इथेच दुखणं विकत घेतात. घट्ट बसणारी ओली चिंधी पिचकारीच्या दट्ट्यासारखं काम करते. नळीभरचा काळा चिखल पुढे ढकलत बुडाशी नेते आणि निपलाच्या वाटेत कोंबते. पुसली नसती तर बार उडाला असता, पुसली म्हणून चुकला! काही रायफलींच्या बुडाशी नळीपेक्षा अरुंद अशी दारूची कोठी असते. त्यांत तर हे हमखास होतं, कारण चिंधी कोठीत शिरतच नाही, फक्त तोंडाशी कचरा नेऊन ठेवते.

मी काय करतो सांगतो. चिंधी जेमतेम दमट. जिभेवर फिरवल्यासारखी, बुडवलेली नाही. गजाच्या टोकाची पितळी गुंडी एक माप लहान, म्हणजे चिंधी आत जाताना काजळीवरून घसरते आणि वर येताना गोळा होऊन काजळी बाहेर ओढते. एकदा खाली, एकदा वर. सायकलच्या पंपासारखं खालीवर नाही. मग एक कोरडी चिंधी. दर बारानंतर. ज्याच्या बंदुकीत अरुंद कोठी आहे, त्यानं २२ कॅलिबरचा लहान ब्रश गजाला लावून त्यावर चिंधी गुंडाळावी आणि कोठी वेगळी पुसावी. दमट चिंधीचा आणखी एक उपयोग आहे. मागच्या बाराचा एखादा निखारा आत जिवंत असेल तर तो विझतो. ताजी दारू निखाऱ्यावर ओतायची वेळ येत नाही.

दारू ओतताना घोडा अर्ध्यावर चढवलेला असावा, टोपी अर्थात नाही. घोडा निपलावर टेकलेला असला की हवा कोंडते. अर्ध्यावर असला की गोळी खाली सरकताना आतली हवा निपलातून निसटते आणि जाताना दारूचे दाणे वाटेत ओढून नेते. एवढ्या एका सवयीनं माझ्या एका मित्राचं वर्षभराचं रडगाणं थांबलं.

आणि बार कधीही, कसाही, काही ताळतंत्र न ठेवता चुकत असेल तर टोपी आणि निपल बघा. पहिल्या ठोक्याला टोपी फुटत नाही, दुसऱ्याला फुटते, याचा अर्थ टोपी निपलावर पुरती बसत नाही. पहिला ठोका तिला बसवण्यातच खर्ची पडतो. निपलाचं टोक ठोके खाऊन चपटलं की असं होतं. नवीन निपल काही डॉलरला येतं. ते बदला, घासत बसू नका. घोड्याच्या खोबणीत जुन्या टोप्यांचे पत्रे साचलेत का तेही पाहा.

पर्यायी दारू वापरणाऱ्यांचं थोडं वेगळं. पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन यांसारखे पर्याय कमी घाण करतात, पण पेटायला खऱ्या काळ्या दारूपेक्षा जास्त उष्णता मागतात. मोठ्या, थेट बुडात बसणाऱ्या प्रायमरच्या, म्हणजे जोरदार टोपीच्या, आधुनिक बंदुकीत ते छान चालतात. लहान टोपीच्या जुन्या घडणीच्या बंदुकीत, वाट वळणाची असेल तर, कुरकुरतात. जास्त जोराच्या टोप्या मिळतात त्या वापरा, नाहीतर सरळ खऱ्या काळ्या दारूकडे या. आधुनिक काडतुसात असते ती धूर न होणारी दारू मात्र या बंदुकीत कधीही नाही. चिमूटभर नाही, मिसळून नाही, 'एकदाच बघू' म्हणून नाही. तिचा दाब इतका चढतो की नळी फाटते.

ग्रेन, ग्रॅम आणि चार मासे

आता मापाकडे येतो, कारण बार नीट उडायला लागले की पुढचा फोन मापाचा असतो: "माप तेच, गोळी तीच, मग एक वर का लागते आणि एक खाली का?"

आधी एकक. या दारूचं माप ग्रेनमध्ये असतं. ग्रेन म्हणजे ग्रॅम नाही आणि दारूचा दाणाही नाही. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. माझा नेहमीचा बार ६० ग्रेनांचा, म्हणजे चार ग्रॅमला थोडा कमी. कुणी साठ 'ग्रॅम' समजून ओतलं तर पंधरा बारांची दारू एका नळीत गेली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅमच दिसतात, त्यामुळे ही चूक अगदीच अशक्य नाही. माझ्या डोक्यात हे पक्कं बसलं ते सोनाराच्या हिशेबानं. इंग्रजी अमदानीत तोळा १८० ग्रेनांचा ठरवला गेला, आणि तोळ्याचे १२ मासे. म्हणजे एक मासा १५ ग्रेन आणि माझा बार बरोबर चार मासे. तोळ्याचा तिसरा हिस्सा. आईच्या कानातल्या कुड्यांएवढी दारू. ही उपमा मनात धरली की हात आपोआप आखडतो.

दुसरं, काळी दारू वजनानं नव्हे तर आकारमानानं भरतात. पितळेचं सरकतं माप मिळतं, त्यावर ग्रेनांच्या रेघा असतात. पर्यायी दारूही याच मापानं भरायची असते, पण ती वजनाला हलकी असते. तिचे ६० ग्रेन काट्यावर तोलले तर मापाच्या साठाहून बरीच जास्त दारू जाईल. म्हणून काटा घरीच ठेवा. ट्रिपल सेव्हनच्या बाबतीत तर उत्पादकच सांगतो की काळ्या दारूच्या मापापेक्षा १५ टक्के कमी घ्या.

तिसरं, दाण्याची जाडी. डब्यावर एफ हे अक्षर एक ते चार वेळा छापलेलं असतं. जितके एफ तितका दाणा बारीक आणि जळणं वेगवान. दोन एफ मोठ्या नळीच्या रायफलीला, तीन एफ लहान नळीला आणि पिस्तुलाला, चार एफ फक्त गारगोटीच्या (टोपीऐवजी ठिणगीनं पेटणाऱ्या) बंदुकीच्या कानात, म्हणजे नळीबाहेरच्या छोट्या वाटीत, रंजक (आधी पेटणारी दारू) म्हणून. दोन एफचा डबा संपला म्हणून तीन एफ त्याच मापानं ओतली तर दाब वाढतो. साधारण १० ते १५ टक्के कमी करून सुरुवात करतात. आणि वरची मर्यादा कुठली? तुमच्या बंदुकीच्या पुस्तिकेत छापलेली. माझे ६० ग्रेन तुमचे नव्हेत. पुस्तिका नसलेली, कुणाच्या तरी माळ्यावरून मिळालेली जुनी बंदूक असेल तर आधी बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून तिची नळी, बूड आणि निपल तपासून घ्या. मगच माप.

आता त्या वर-खाली लागणाऱ्या गोळ्या. माप तेच असतं, भरायची रीत रोज वेगळी असते. कुणी माप दारूत बुडवून काढतं, कुणी वरून ओततं, कुणी टिचकी मारतं, कुणी नाही. मी एकदा घरी बसून पाहिलं. त्याच रेघेवर, टिचकी न मारता भरलेलं माप आणि दहा टिचक्या मारून भरलेलं माप यांत तीन-चार ग्रेनांचा फरक निघाला. शेंगदाण्याचं कूट वाटीत भरताना आपली आई वाटी आपटते, तेच तत्त्व. आपटा किंवा आपटू नका, पण दर वेळी तेच करा. माप शीग लावून भरा, ठरलेल्या टिचक्या मारा, वरची शीग झाकणाच्या कडेनं उतरवा.

शिंगातून (दारू ठेवायच्या पोकळ शिंगातून) किंवा डब्यातून थेट नळीत कधीही ओतू नका. नळीत निखारा असला तर मापातली चार मासे दारू भडकेल. भुवया जातील, हात भाजेल. पण हातात अर्धा किलोचं उघडं शिंग असेल तर तो बॉम्ब आहे. शिंगातून मापात, शिंग बंद, शिंग मागे ठेवायचं, मग मापातून नळीत, तोंड आणि छाती नळीच्या रेषेबाहेर ठेवून. मी त्याही पुढे जाऊन घरीच प्लॅस्टिकच्या लहान नळकांड्यांत एकेक बार भरून नेतो. रेंजवर शिंग नसतंच. रिकामं नळकांडं डाव्या खिशात, भरलेली उजव्या. बार भरताना शंका आली की खिसा मोजायचा.

गज खोटं बोलत नाही

खिसा मोजूनही घोळ होतो. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरातली गोष्ट. शेजारच्या टेबलावर नवीन आलेल्या गृहस्थांना माझी रायफल दाखवत होतो. बोलत बोलत गोळीभोवतीची वंगण लावलेली चिंधी ठेवली, गोळी ठेवली, गजानं खाली नेली. गज थांबला आणि त्यावरची खूण नळीच्या तोंडात गडप झाली. खूण दिसायला हवी होती. म्हणजे खाली दारू नव्हतीच. नळकांडं उजव्या खिशात, भरलेलं.

इंग्रजीत याला कोरडी गोळी म्हणतात. यात मोठा धोका नाही, फजिती आहे. पण याच गप्पांच्या नादात दारू दोनदा ओतली असती तर?

गेटिसबर्ग माझ्या घरापासून दीड तासावर आहे. जुलै १८६३ मध्ये तिथे अमेरिकी यादवी युद्धातली मोठी लढाई झाली. लढाईनंतर रणांगणावरून गोळा केलेल्या २७,५७४ बंदुकांचा हिशेब नोंदलेला आहे. त्यांपैकी सुमारे २४,००० भरलेल्या होत्या. त्यांतल्या निम्म्यांत एकावर एक दोन बार होते, सुमारे ६,००० बंदुकांत तीन ते दहा आणि एकीत तर तेवीस. याची कारणं अनेक सांगतात, पण एक समजण्यासारखं आहे. भोवती हजारो बंदुका कडाडत असताना आपली टोपी फुटली की बार उडाला हे कळत नाही. शिपाई पुन्हा भरतो, पुन्हा भरतो. शिकलेले, कवायत केलेले शिपाई होते ते. आपण शनिवारी सकाळी कॉफी पिऊन आलेली माणसं.

म्हणून गजावर खुणा करा. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून गज तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी रेघ कोरा. ही रिकामीची खूण. मग नेहमीचा बार भरून, गोळी दारूवर नीट बसवून दुसरी रेघ. ही भरलेलीची. माझ्या बंदुकीचं बूड सपाट आहे, त्यामुळे हिशेब सरळ आहे. अर्धा इंचाच्या नळीत ६० ग्रेन दारू तीन सेंटिमीटर उंची घेते, गोळी सव्वा सेंटिमीटर. म्हणजे गजावर भरलेलीची खूण रिकामीच्या खाली सव्वाचार सेंटिमीटर. आता गज काय सांगतो बघा. रिकामीची खूण तोंडाशी आली तर नळी मोकळी. ती सव्वा सेंटिमीटरच वर राहिली तर गोळी आहे, दारू नाही. सव्वाचार, ठीक. सव्वासात-साडेसात, तर दारू दोनदा गेलीय. साडेआठ, तर आख्खा बार दुसऱ्या बारावर बसलाय. आणि यांपैकी कुठेच न बसता गज मधेच अडला तर गोळी वाटेत आहे.

हा शेवटचा प्रकार सगळ्यांत वाईट. गोळी दारूवर टेकलेली हवी, मध्ये पोकळी नको. पोकळी राहिली तर ती अडकलेली गोळी नळीत ठोकलेल्या बुचासारखी वागते आणि तिथे नळी फुगते, क्वचित फाटते. मागच्या बारांचं किटण चढलं की गोळी बुडाच्या थोडं वर अडते. हाताला वाटतं, बसली. खूण सांगते, नाही बसली. अशा वेळी टोपी लावायची नाही, गजावर हातोडाही मारायचा नाही. वरून थोडं पाणी सोडा, किटण मऊ होऊ द्या, मग गज एकसारखा दाबा. दारू भिजेल, भिजू दे. ओला बार काढण्याची रीत खाली आहे.

गज धरण्याबद्दल एक. नळीच्या तोंडापासून वीतभर वरच पकडायचा आणि वीत-वीत खाली न्यायचा. वर टोकाला धरून जोर लावला की लाकडी गज मोडतो आणि त्याची फाक तळहातात शिरते. आमच्या रेंजच्या पेटीत मलमपट्टी संपते ती बहुधा यामुळेच. तळहात नळीच्या तोंडावर आडवा कधीच येऊ द्यायचा नाही. आणि गोळी बसल्यावर गज वरून टाकून 'टणत्कार' करायची काहींना हौस असते. त्यानं दारूचे दाणे चुरडतात आणि दर बाराला वेगळे चुरडतात. वर-खाली लागणाऱ्या गोळ्यांचं ते दुसरं कारण. दाब एकसारखा, बस.

गोळीभोवतीच्या चिंधीच्या वंगणाचं थोडक्यात. वंगण जास्त झालं की ते दारूत उतरतं आणि पुन्हा बार चुकतो. खनिज तेल काजळीत मिसळून डांबरासारखं होतं, म्हणून मेण आणि चरबी यांचं मिश्रण बरं. मी गावाहून आणलेलं भिरंडेल (कोकमाचं तेल) मेणात कालवून पाहिलं. जुलैत झकास चाललं, डिसेंबरात दगड झालं. टाचांनाच लावावं.

अडकलेला बार काढताना

कोरडी गोळी असेल तर आधी गोळी तळापर्यंत पोचलीय हे खुणेवरून पाहा. निपल काढा, भोकातून चिमूटभर बारीक दारू आत सारा, निपल घट्ट बसवा, टोपी लावा, निशाणाकडे धरून उडवा. गोळी वीस-पंचवीस हातांवर पडते, लोक टाळ्या वाजवतात. थोडी वर सरकून अडली तर पुन्हा तळाला बसवूनच दुसरा प्रयत्न.

दारू ओली असेल तर लहान गॅस सिलिंडरवर चालणारं एक यंत्र मिळतं. ते निपलावर दाबलं की गोळी आणि दारू दोन्ही बाहेर फेकली जातात. नळी निशाणाकडे, कारण गोळी खरंच उडते. आमच्या क्लबनं एक घेऊन ठेवलंय आणि महिन्यातून दोनदा ते कुणाला तरी लागतं. तेही नसेल तर गोळीत शिरणारा स्क्रू गजाला लावून ओढायची. पण त्याआधी निपलाच्या भोकातून भरपूर पाणी सोडून दारूचा चिखल करायचा आणि निपलावर टोपी नाही हे दोनदा पाहायचं. कोरड्या दारूवर लोखंडी स्क्रू फिरवणाऱ्याला मी एकदा हात धरून थांबवलंय. त्याला राग आला, चालेल.

गारगोटीच्या बंदुकीवाल्यांना थोडं सांगतो. इथे नाताळानंतरचा शिकारीचा खास हंगाम त्यांचाच असतो, थंडी-पावसातला. कानातली रंजक भकन जळते आणि बार उडत नाही, ही त्यांची तक्रार. कधी कधी रंजक जास्त झालेली असते. कान काठोकाठ भरला, कानातून नळीत जाणारं भोक दारूनं बुजलं, की ती दारू वातीसारखी आधी जळत जाते. रंजक अर्ध्याहून कमी आणि भोकाच्या खालीच ठेवा, झटक्यात पेटते. भोकात तार फिरवायचीच. बर्फ पडत असेल तर रंजक पंधरा-वीस मिनिटांनी बदला, ती हवेतली ओल पिते.

घरी आल्यावर कोमट पाणी आणि साबण. क्षार पाण्यातच विरघळतात, महागड्या द्रावणाची गरज नाही. त्याच दिवशी, जेवणाच्या आधी. कोरडं करून पातळ तेल, आणि नळी तोंडावर उभी.

रेंजवरून निघताना मात्र एक गोष्ट बंदूक पिशवीत घालण्याआधी. गज नळीत हळू सोडा. तळाला लोखंडाला लोखंड लागल्यासारखा टण्‌ आवाज आला आणि रिकामीची खूण तोंडाशी आली तर चला. थप्प असा आवाज आला तर आत काहीतरी आहे. मग गाडीची किल्ली खिशात ठेवा आणि पुन्हा फायरिंग लाइनवर जा.